लग्नाआधीचा कागद

लग्न ठरलं की आपल्याकडे बैठक बसते, सुपारी फुटते, याद होते. सोनं किती, मानपान कुणाचा, जेवण कुणाकडे, सगळं कागदावर येतं. खाली दोन्हीकडच्या जाणत्या पुरुषांच्या सह्या. जिचं लग्न, ती मात्र आत चहा गाळत असते. म्हणजे लग्नाआधी लिहून घेणं आपल्याला नवं नाही. नवी आहे ती तिची सही.

शेजारच्या गोव्यात ही सही जुनी आहे. पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा तिथे १८७० साली लागू झाला. १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी ही पद्धत टिकली. लग्नाआधी दोघांनी नोंदणी करून करार करायचा: मालमत्ता दोघांची एकत्र, की ज्याची त्याची वेगळी? लग्नानंतर तो बदलता येत नाही. करार केलाच नाही, तर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क धरतात. मग बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. त्या जुन्या कायद्यात कारभार नवऱ्याच्याच हाती होता, हेही खरं. पण निम्मा हक्क तिचा होता.

महाराष्ट्रात तसा कायदा नाही. असा करार केला तरी तो कोर्टात टिकेलच, याची खात्री नाही. पण एक कागद आपल्या हातात आहे. हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. पुढे १९८५ च्या नियमांनी सांगितलं, की लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, नातं काय, हे लिहायचं. खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनं स्वतःकडे ठेवायची.

आमच्या गटातल्या एका ताईचे दागिने सासरी गहाण पडले. माहेरचं सोनं कोणतं, हे सांगायला तिच्याकडे चिठ्ठीही नव्हती. तेव्हा आम्हाला या यादीची किंमत कळली.

"शुभकार्यात कसला हिशोब?" असं कुणी म्हणेल. अहो, याद करताना हिशोब चालतो, मग नवरीनं सही केली तर अपशकुन कसा? आपण बचतगटात दहा रुपयांचीही नोंद ठेवतो. पुढच्या लग्नात लेकीला बैठकीत बसवूया आणि पेन तिच्या हाती देऊया.