स्प्रिंग की गॅस? लोहाराला विचारा

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे झालाय.

माझी मामेबहीण सांगोल्याला असते, नववीत आहे. शाळेच्या नेमबाजीच्या वर्गात तिचा हात चांगला बसलाय आणि आता सरावासाठी तिला स्वतःची एअर रायफल हवी आहे. मामाने मला दोन फोटो पाठवले, एक स्प्रिंगवाली, एक गॅसवाली. खाली एवढंच लिहिलं होतं, "तू इंजिनीअर आहेस ना, कुठली टिकेल ते सांग." यंदा डाळिंबाचे पैसे फारसे झालेले नाहीत. म्हणजे घेतली ती घेतली, चुकलं तर दुसरी नाही.

दुकानदार म्हणाला होता, "स्प्रिंग आता जुनी झाली, गॅस घ्या." मीही तेच टाइप करणार होतो. पण म्हटलं, आधी जरा इतिहास चाळू. आणि तिथे कळलं की हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे.

चला ऑस्ट्रियात. साल 1780 च्या आसपास. बार्टोलोमियो गिरार्दोनी नावाच्या कारागिराने एक बंदूक बनवली आणि ती ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलीसुद्धा. हिच्यात दारू नाही, धूर नाही, ठिणगी नाही. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, तोच हवेची लोखंडी टाकी. बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या. त्या काळातला साधा शिपाई दारू ओत, गोळी ठास असं करत मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. गिरार्दोनीवाला त्याच वेळात नळी रिकामी करायचा. तेही पावसात, आणि धुरातून आपली जागा न दाखवता.

मग ही बंदूक जगभर का नाही पसरली? कारण टाकी भरायला हातपंपाचे साधारण दीड हजार दट्टे मारावे लागायचे. चामड्याची वॉशर सुकली की हवा गळायची. टाकीचे सांधे नाजूक होते. आणि बिघाड झाला तर तो छावणीतल्या कोणालाही दुरुस्त करता येत नव्हता, त्यासाठी खास कारागीर लागायचा. 1815 च्या सुमारास सैन्याने ती बाजूला ठेवली. आमच्या भाषेत सांगायचं तर डेमोमध्ये एक नंबर, प्रॉडक्शनमध्ये डोकेदुखी.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1803 मध्ये अमेरिकेत मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क पश्चिमेकडच्या, त्यांना अनोळखी असलेल्या मुलखात निघाले. लुईसकडे एक हवेची बंदूक होती. ती गिरार्दोनीच्याच जातीची होती असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. वाटेत भेटणाऱ्या मूळनिवासी लोकांसमोर तो ती मुद्दाम चालवून दाखवायचा.

आता माझ्या आवडीचा तपशील. 10 जून 1805. ही मंडळी आजच्या मोंटाना राज्यात, मिसुरी नदीच्या काठी आहेत. दुकान नाही, कारखाना नाही, मागे हजारो किलोमीटरची वाट. त्या दिवशी लुईसने रोजनिशीत लिहिलंय की जॉन शील्ड्सने त्याच्या हवेच्या बंदुकीची मुख्य स्प्रिंग नवी बसवली. शील्ड्स हा तुकडीतला लोहार. या माणसाच्या हुशारीचे आपल्यावर फार उपकार आहेत, अशा अर्थाचंही लुईसने तिथेच लिहून ठेवलंय.

नीट लक्षात घ्या, ही स्प्रिंग चापाच्या यंत्रणेतली. गोळी ढकलायचं काम टाकीतली हवाच करत होती. पण मुद्दा असा की रानात, नदीकाठी, एका लोहाराला स्प्रिंग बदलता आली. टाकीचा सांधा फाटला असता तर? बहुतेक ती बंदूक उरलेल्या प्रवासात नुसतं ओझं झाली असती.

म्हणजे "कुठली टिकेल" या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. किती दिवसांनी बिघडेल? आणि बिघडली की कोण दुरुस्त करेल?

पुढची शंभर वर्षं याच दोन प्रश्नांची आहेत. 1888 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कंपनीने स्प्रिंगवर चालणारी लहान एअरगन पवनचक्कीसोबत द्यायला सुरुवात केली. बंदूक इतकी चालली की 1895 मध्ये कंपनीने स्वतःचं नावच बदलून त्या बंदुकीचं ठेवलं, डेझी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजच्या आराखड्यावरून बीएसए कंपनीने 1905 पासून स्प्रिंगच्या एअर रायफली काढल्या. रचना अगदी सरळ. स्प्रिंग दाबा, चाप ओढा, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते, छर्रा सुटतो. बाहेरून भरायचं काहीच नाही.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल जिफार्डने गॅसचा रस्ता धरला होता. 1880 च्या दशकाच्या अखेरीस त्याने द्रवरूप कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक आणली. नळीखाली पोलादी सिलिंडर, दट्टे मारायची कटकट नाही. पण गॅस संपला की घरच्या घरी भरणार कुठून? आणि दुसरी अडचण हवामानाची. या गॅसचा दाब 20 अंश सेल्सिअसला साधारण 57 बार असतो, शून्य अंशाला साधारण 35. म्हणजे तोच सिलिंडर, तीच बंदूक, पण थंडीत छर्रा हळू. पुढे ऑलिंपिकच्या 10 मीटर स्पर्धेत काही काळ कार्बन डायऑक्साइडच्या रायफली गाजल्या, पण मग दाबलेल्या साध्या हवेने त्यांची जागा घेतली. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच 10 मीटर एअर रायफलमध्ये. पण त्या पातळीवर रायफलीमागे पंप, प्रशिक्षक, कारागीर अशी सगळी व्यवस्था उभी असते. सिलिंडरची मुदत संपलेली नाही ना, हेही खेळाडूलाच पाहावं लागतं.

आणि मामाच्या फोटोतली "गॅस"? ती याहून वेगळी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये डेव्ह थिओबाल्ड आणि बेन टेलर या दोघांनी, थिओबेन नावाने, स्प्रिंगच्या जागी बंद नळीत दाबलेला वायू बसवला. कारची डिकी वर धरून ठेवणारा दांडा पाहिलाय ना? तेच तत्त्व. चाप ओढल्यावर हा वायू बाहेर पडत नाही, फक्त दट्ट्याला ढकलतो. फायदे खरे आहेत. स्प्रिंगसारखी झिणझिण नाही, झटका सरळ लागतो, वायू पोलादासारखा थकत नाही, थंडीतही फार फरक पडत नाही. निव्वळ यंत्र म्हणून विचाराल तर दुकानदार खोटं बोलत नव्हता.

पण माझ्या ऑफिसच्या खुर्चीतही असाच गॅसचा दांडा आहे. दोन वर्षं झकास चालली. मग सील गेलं आणि आता स्टँडअप मीटिंग संपेपर्यंत मी टेबलाखाली पोचलेला असतो. तो दांडा उघडून दुरुस्त करणारा मला अजून भेटलेला नाही. अख्खा बदलायचा, बस. रायफलीतही सील गेलं की साधारण तेच, एक तर अख्खा नवा दांडा किंवा पुन्हा वायू भरायची सोय असलेला जाणकार.

स्प्रिंग वेगळ्या पद्धतीने म्हातारी होते. ती हळूहळू बसते, छर्रा थोडा खाली लागायला लागतो, आवाज बदलतो. कित्येकदा स्प्रिंग तुटल्यावरही बंदूक चालत राहते, फक्त जोर कमी होतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशीच सिस्टीम बनवायला धडपडतो, जी पडायच्या आधी कुरकुर करते.

लहानपणी जत्रेत फुगे फोडायच्या दुकानात बघितलेलं आठवलं. रात्री गर्दी ओसरल्यावर तो फुगेवाला बंदूक खोलून, स्प्रिंग काढून, ग्रीस लावत बसायचा. दिवसभर शेकडो पोरांनी वाकडीतिकडी ओढलेली ती बंदूक दुसऱ्या दिवशी परत तयार. तेव्हा मला तो फक्त फुगेवाला वाटायचा. आता वाटतं, तो आमच्या जत्रेतला जॉन शील्ड्स होता.

मी मामाला फोन केला. म्हटलं, "गॅसची चांगली आहे, पण बिघडली तर पुण्याला न्यावी लागेल. स्प्रिंगचीच घ्या. एक जादा स्प्रिंग आणि सील आत्ताच घेऊन ठेवा. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, रिकाम्या बाराने सील जातं. आणि दोन्हीतली कुठलीही असो, खेळणं नाही. सराव सरांसमोर, मागे पक्की भिंत बघूनच."

मामा म्हणाला, "अरे, पण स्प्रिंग बदलणार कोण?"

मागून तिचा आवाज आला, "मी शिकते ना, दादा. व्हिडिओ पाठव."

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत तुमच्या घरातली अशी एखादी वस्तू सांगा, जी बिघडली तर तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. मी माझी यादी करायला बसलो होतो. फारच छोटी निघाली.