शेजारी देशांना धान्य देण्याचा नियम आणि भोर-वेल्ह्याचा भात

गहू किंवा तांदळाची निर्यात बंद झाली, अशी बातमी येते. काही दिवसांनी तेच धान्य भूतान-नेपाळला जात असल्याचेही वाचायला मिळते. मग बंदी नेमकी कोणावर असते?

बंदीतली वाट

१३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. उष्णतेच्या लाटेने पिकाला फटका बसला होता आणि युक्रेन युद्धामुळे जगभर गहू महागला होता. मात्र शेजारी आणि अन्नटंचाई असलेल्या देशांच्या सरकारांनी मागणी केल्यास, केंद्राच्या परवानगीने गहू देण्याची सोय ठेवली होती.

२० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली. पुढे याच सोयीतून भूतानला ७९ हजार टन आणि नेपाळला ९५ हजार टन तांदूळ मंजूर झाला.

न्याय्य व्यापार म्हणजे काय?

जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारातील कलम १२ सांगते की, अन्नधान्याची निर्यात रोखताना आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकी आधी सूचना द्यावी. म्हणजे शेजाऱ्याचा विचार होतो. देशात भाव आटोक्यात राहिल्याने ग्राहकाचाही होतो. पिकवणाऱ्याला झालेल्या तोट्याबद्दल मात्र हे कलम काही सांगत नाही.

भोर-वेल्ह्याचा संबंध

भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे पुणे जिल्ह्यातले भाताचे तालुके. इथे इंद्रायणी आणि आंबेमोहर हे सुवासिक वाण पिकतात. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केलेले वाण.

इथला भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापला जातो. बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ रोजी. म्हणजे २०२३ च्या खरिपाचे पीक घरात आले, तेव्हा परदेशचा बाजार बंदच होता.

बासमतीला ही बंदी नव्हती; ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावर टनाला १,२०० डॉलर किमान निर्यात दराची अट आली, पण दार उघडे राहिले. आंबेमोहर आणि इंद्रायणी सुवासिक असूनही कागदोपत्री ‘बिगर-बासमती’च. त्यामुळे साध्या तांदळाबरोबर तेही अडकले.

पुढे काय बदलले?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पानंतर भौगोलिक मानांकन असलेल्या तांदळासाठी सीमाशुल्काच्या यादीत वेगळे सांकेतांक आले. आंबेमोहरला हे मानांकन आहे. त्यामुळे पुन्हा बंदी घालायची वेळ आली, तर अशा तांदळाला वेगळा नियम लावणे सरकारला शक्य होईल. तसा नियम लावायचा की नाही, हे त्या वेळच्या अधिसूचनेवरच ठरेल. मानांकन नसलेले सुवासिक वाण मात्र पूर्वीप्रमाणे साध्या तांदळातच मोजले जातील.

म्हणून निर्यातबंदीची बातमी आली की तीन गोष्टी पाहाव्यात: बंदी कोणत्या सांकेतांकावर आहे, कोणत्या देशांना सूट आहे आणि त्या वेळी पीक कोणाच्या घरात आहे.