भविष्यकाळ (अहिराणी)

खानदेशातील अहिराणी बोलीत पुढे घडायची क्रिया सांगणारी क्रियापदाची रूपे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ली, पावरी, मावची, गुजरी यांच्यासोबत अहिराणी नांदते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही. ती भिल्लीसोबत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) आली. भविष्यकाळाची रूपे पाहिली की या मांडणीमागचे एक कारण कळते.

‘कर’ धातू असा चालतो : मी करसू, तू करशी, तो करी, आम्ही करसूत, तुम्ही करशात, त्या करतीन. गावोगाव उच्चारात थोडा फरक पडतो. प्रमाण मराठीत अनुक्रमे करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. कर्ता स्त्री असो की पुरुष, रूप तेच राहते; हिंदीतला करूँगा-करूँगी हा भेद दोन्हीकडे नाही.

प्रथमपुरुषातला ‘स’ महत्त्वाचा आहे. संस्कृत ‘करिष्यामि’तील ‘ष्य’ प्राकृतात ‘स्स’ झाला आणि गुजरातीच्या ‘करीश’, ‘करशुं’मध्ये टिकला, ‘करसू’ त्याच घराण्यातले. मराठीने वेगळी वाट धरली. जुन्या वर्तमानकाळी ‘करी’ला ‘ल’ लागून ‘करील’ झाले.

जुन्या रूपाला जोड देऊन भविष्यकाळ घडवण्याची रीत दूरच्या स्पॅनिशमध्येही दिसते. तिथे बहुतेक वेळा मूळ क्रियापद न मोडता त्यालाच प्रत्यय लागतो, आणि हे प्रत्यय लॅटिनमधील ‘जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे अवशेष आहेत. ‘आब्लार’ (बोलणे) : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. आर, एर, ईर या तिन्ही गणांना प्रत्यय तेच, म्हणून शिकणाऱ्याला हा काळ सोपा जातो. वापरही ओळखीचा वाटावा असा : मराठीत ‘तो आता घरी असेल’ म्हणताना भविष्यकाळी रूपाने आपण चालू क्षणाचा अंदाज बांधतो, स्पॅनिशमध्येही ‘एस्तारा एन कासा’ म्हणजे तेच.

‘मी करसू’ म्हणणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध बोलू नकोस’ असे सुनावणे व्याकरणाला धरून नाही. त्याचे रूप नियमित आहे आणि त्याची परंपरा ‘करीन’इतकीच जुनी आहे. प्रमाण मराठी शिकवावीच, पण खानदेशातील शिक्षकांनी ‘करसू’ आणि ‘करीन’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ती शिकवावी.