कृषिव्यवसाय साहाय्य सेवा, छत्रपती संभाजीनगर जिल्हा

लहान शेतकरी, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गावपातळीवरचे प्रक्रिया उद्योग यांना नोंदणी, हिशेब, परवाने, प्रकल्प अहवाल, कर्जप्रकरण, प्रतवारी आणि विक्री या कामांत विनामूल्य किंवा परवडेल अशा दरात मिळणारी मदत. पश्चिम महाराष्ट्रात यांतले बरेचसे काम साखर कारखाने आणि दूध संघांच्या कचेऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. मराठवाड्यात सहकाराची मुळे तितकी खोल गेली नाहीत. सिल्लोड-कन्नडचा मका असो, फुलंब्री-खुलताबादचे आले असो की पैठणची मोसंबी, उचल, बियाणे आणि विक्रीचा हिशेब बहुतेकदा आडत्याच्या किंवा व्यापाऱ्याच्याच वहीत राहिला. स्वतःची वही ठेवण्याची सोय शेतकऱ्याला मिळणे, हा या सेवांचा गाभा आहे.

उद्योजकता प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे. पैठण रोडवरील आणि गांधेली येथील कृषी विज्ञान केंद्रे प्रक्रिया व मूल्यवर्धनाचे शिक्षण देतात. महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) लोकसंचालित साधन केंद्रे हा यांतला विशेष लक्षात घेण्याजोगा प्रकार. बचत गटांचाच संघ आपल्या गटांचे दप्तर, बँकेची कामे व प्रशिक्षण पाहतो आणि त्यासाठी माफक सेवाशुल्क घेतो. ज्यांच्यासाठी सेवा आहे तेच तिचे मालक असल्याने अनुदान आटले तरी केंद्र चालू राहण्याची शक्यता अधिक असते.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत (२०२०) जिल्ह्यासाठी मका हे उत्पादन निवडले गेले. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान तिच्यात आहे. योजनेची खरी खुबी मात्र जिल्हा संसाधन व्यक्तीत आहे. ही व्यक्ती अर्जदाराचा प्रकल्प अहवाल तयार करते, बँकेत पाठपुरावा करते, अन्न परवाना व उद्यम नोंदणीत मदत करते. तिचे मानधन सरकार देते: मंजूर कर्जामागे २०,००० रुपये. त्यातले निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेले नोंदण्या पुऱ्या होऊन उद्योग उभा राहिल्यावर मिळतात. कागद रंगवून मोकळे होणाऱ्या सल्लागारापेक्षा ही रीत शेतकऱ्याच्या फार हिताची आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रश्न अधिक बिकट. कंपनी कायद्यातील २००२ सालच्या दुरुस्तीने हा प्रकार अस्तित्वात आला. किमान दहा उत्पादक, पाच ते पंधरा संचालक आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी ही त्याची चौकट. २०२० साली केंद्राने १०,००० कंपन्या उभारण्याची योजना आणली. तिच्यात सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद लागतात, व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात आणि कंपनी उभी करणाऱ्या संस्थेला पाच वर्षांसाठी वेगळा निधी दिला जातो. व्यवस्थापनखर्चात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी दरमहा २५,००० आणि लेखापालासाठी १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे.

तीन वर्षांनी हे पगार थांबतात. कायद्याची विवरणपत्रे थांबत नाहीत. वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद वेळेवर दाखल झाले नाहीत, तर प्रत्येकामागे दररोज १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन्ही वर्षभर रखडले तर ७३,००० रुपये. तीनशे सभासदांनी प्रत्येकी हजार रुपये घालून जमवलेल्या तीन लाखांच्या भागभांडवलाचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होतो. सलग तीन वर्षे विवरणपत्रे गेली नाहीत, तर संचालक अपात्र ठरतात. आणि हे संचालक म्हणजे बहुधा गावातलीच शेतकरी मंडळी. गोदामे आणि यंत्रे यांच्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात ६० टक्के अनुदान मिळू शकते. हिशेबनिसाच्या चौथ्या वर्षाच्या पगाराला तसा आधार नाही. जिल्ह्यात स्वस्त सेवेची सर्वांत मोठी गरज इथेच आहे. तालुक्यातील चार-पाच कंपन्यांनी मिळून एक लेखापाल आणि एक सीए ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय होय.

सल्ल्याची किंमत मक्याच्या हंगामात नीट दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढलेल्या मक्यात ओलावा जास्त असतो, तर हमीभावाच्या खरेदीला १४ टक्क्यांची मर्यादा आहे. २२ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणला की सुमारे ९१ क्विंटल भरतो. म्हणजे भाव दहा टक्क्यांहून अधिक वाढणार असेल तरच वाळवण्यात अर्थ; शिवाय मजुरी आणि ताडपत्रीचा खर्च वेगळा. ओलावामापक कंपनीच्या दारात असला, तर माल टेम्पोत भरण्याआधीच हा हिशेब मांडता येतो. नसला, तर व्यापारी मूठभर दाणे दाताखाली धरून जी कटती सांगेल तिच्यावर मान डोलवावी लागते.

प्रक्रियेतही असेच. सुटा मका आणि सुटे पीठ यांवर वस्तू व सेवा कर नाही; पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या पिठावर ५ टक्के कर आहे. पाच किलोच्या पिशव्यांतून पीठ विकू पाहणाऱ्या बचत गटाला हे पिशव्या छापायला टाकण्याआधी कळायला हवे, कारण छापील किंमत त्यावरच ठरते.