जनाईचं दळण

मी चौथी शिकलेला माणूस. इतिहास लिहा म्हणून मंडळींनी सांगितलं, तर जे वाचलं आन् थोरांच्या तोंडून ऐकलं तेवढंच लिहितो.

संत जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. वडील दमा, आई करुंड. लहानपणीच त्या पंढरपुरात दामाशेटी शिंप्यांच्या घरी आल्या आन् दासी म्हणून तिथंच राहिल्या. नामदेवराय (१२७० ते १३५०) त्यांच्या डोळ्यांदेखत वाढले.

दासीचं काम काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. पहाटे जात्यावर बसायचं. मग उखळात कांडण, नदीचं पाणी, सडा, झाडलोट, धुणं. रानातून शेण वेचून गोवऱ्या थापायच्या. महिन्याचा पगार नाही, पोटावारी राबायचं.

एवढ्यात त्यांनी अभंग केले. नामदेवरायांच्या गाथ्यात ते साडेतीनशेच्या आसपास छापलेले आहेत. त्यात देव जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, पाणी वाहतो. राजांचा इतिहास लिहायला पदरी माणसं होती. दासीच्या कामाचा इतिहास दासीलाच सांगावा लागला. गोपाळपुरात जनाईचं जातं आजही दाखवतात, वारकरी त्याला हात लावून येतात.

मीही लावला. चाळीस वर्षं जनाईवर कीर्तनं केली. पण आमच्या गोठ्यात शेण काढायला एक बाई यायची. पंधरा-सोळा वर्षं आली. तिचा चहाचा कप आमच्याकडं वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात. ती गेल्यावर ध्यानात आलं, तिचं माहेर कोणतं हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. देव जनाईचं दळण दळू लागला हे मी लोकांना सांगत होतो, आन् माझ्या घरची पाटी मी एकदाही उचलू लागलो नाही.

आपल्या दिंडीची शंभर वर्षांची वही बघितली. वीणेकरी, चोपदार, पखवाजी, अन्नदाते, सगळ्यांची नावं आहेत. मुक्कामाला भाकरी थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाया मात्र 'स्वयंपाकाच्या बाया ७' एवढ्याच. माझी विनंती आहे, यंदाच्या वारीपासून त्यांची नावं, गावासकट, वहीत लिहावीत. जुन्यांपैकी ज्यांची आठवतील ती म्हाताऱ्यांना विचारून घ्यावीत. उशीर झाला तर सांगणारंही कुणी राहणार नाही.

रामकृष्ण हरी.