इयत्ता आणि तुकडी

शाळेंतील मुलांची वाटणी कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहतां वेळापत्रकाचा वाटतो. वस्तुतः तो समाजरचनेचा आहे. शाळेचें नवें वर्ष सुरू झालें, म्हणजे सुशिक्षित घरांत मुलाची इयत्ता कोणी विचारीत नाहीं, कारण ती ठाऊकच असते. विचारतात ती तुकडी. गेल्या परीक्षेच्या गुणांवरून हुशार मुलें ‘अ’ तुकडींत, त्यांहून कमी गुणांचीं ‘ब’ मध्यें, आणि उरलेलीं ‘क’ किंवा ‘ड’ मध्यें, ही चाल पुष्कळ शाळांत इतकी अंगवळणी पडली आहे, कीं ती विद्येइतकीच जुनी असावी असा समज सहज व्हावा. तो समज कितपत खरा आहे, हें नागपूरच्या महालासारख्या जुन्या वस्तीच्या निमित्तानें तपासून पाहण्याजोगें आहे.

महाल हा भोसल्यांच्या नागपुराचा गाभा. राजवाडा, त्याच्या आसपास दरबारी मंडळींचे वाडे, मूर्ति घडविणाऱ्यांची चितारओळ, आणि शहरांत इतरत्र विणकर कोष्ट्यांच्या वस्त्या, असा हा शेजार. १८५३ मध्यें भोसल्यांचें राज्य खालसा झालें, आणि १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याचें मुख्य ठिकाण झालें. तोंपर्यंत मराठी मुलखांत सर्वत्र जी शिक्षणाची सोय होती, ती म्हणजे पंतोजीची शाळा. या शाळेंत इयत्ता नव्हती. एखाद्या ओसरीवर किंवा देवळांत मुलें बसत. कोणी धुळाक्षरें गिरवीत आहे, कोणी पावकी-निमकी घोकीत आहे, तर कोणी मोडी कागद वाचीत आहे. प्रत्येकाचा धडा ज्याच्या त्याच्या गतीनें पुढें जाई, आणि पंतोजीचें लक्ष एकाकडे असतां वडील मुलें धाकट्यांची उजळणी घेत.

या आपल्याकडील रीतींचा विलायतेशीं एक संबंध आहे. मद्रासेंतील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे चालक डॉ. अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील मुलें वाळूवर अक्षरें काढतांना पाहिलीं, आणि ती रीत आपल्या शाळेंत आणली. तेथेंच त्यांनीं मुलांकडून मुलांस शिकविण्याचा प्रयोग चालविला. त्याची हकीगत १७९७ मध्यें लंडनांत प्रसिद्ध झाली, आणि ‘मद्रास पद्धति’ या नांवानें ती इंग्लंडांत गाजली.

परंतु एवढ्यावरून जुन्या शाळेचे गोडवे गाणें योग्य होणार नाहीं. त्या ओसरीवर मंद आणि चलाख मुलें एकत्र बसत, हें खरें. पण ओसरीवर चढण्याचा अधिकार कोणास होता, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. मुलींस बहुधा तेथें जागा नव्हती, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांस तर मुळींच नव्हती. बुद्धीची निवड तेथें होत नसे, याचें एक कारण असें, कीं जन्माची निवड दारांतच होऊन गेलेली असे.

इंग्रजी अमदानींत दार तत्त्वतः सर्वांस उघडलें, आणि आंत मात्र पायऱ्या बांधल्या गेल्या. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्यें नागपुरास आले, व त्यांनीं येथें मिशनच्या शाळेचा पाया घातला. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ मध्यें निघालें, तें आरंभीं महालांतच होतें. आज दादासाहेब धनवटे नगर विद्यालय या नांवानें ओळखली जाणारी महालांतील शाळा पूर्वीं नील सिटी हायस्कूल होती. अशा शाळांबरोबर आपल्याकडे ‘इयत्ता’ रूढ झाली. हा शब्द संस्कृत आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे माप, असा आहे. ज्यानें कोणी हा शब्द योजिला, त्यानें नव्या पद्धतीचें मर्म अचूक ओळखलें होतें. अमुक वर्षांत इतकें झालें पाहिजे, हें माप आधीं ठरलें. मूल मागाहून आलें.

या मापास पुढें पैशाची जोड मिळाली. इंग्लंडांत १८६२ पासून रॉबर्ट लो यांच्या नियमांप्रमाणें शाळेचें अनुदान परीक्षेंत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर अवलंबून राहूं लागलें, आणि त्याच दशकांत मुंबई इलाख्यांतही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. प्रत्येक मुलामागें किती मिळेल याचा हिशेब सुरू झाल्यावर जें मूल नक्की उतरेल किंवा थोड्या ओढीनें उतरेल, त्याच्यावर श्रम खर्चणें शहाणपणाचें ठरलें. जें उतरण्याजोगें नाहीं, तें वर्गांत असून नसल्यासारखें झालें. आजच्या तुकड्यांची मनोवृत्ति येथें जन्मास आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या प्रकारांतील मूळ दोष फार लवकर ज्यांनीं ओळखला, त्यांत जोतीराव फुले अग्रगण्य होत. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं शिष्यवृत्त्यांच्या वाटपाबद्दल लिहिलें आहे. चढाओढीच्या परीक्षेनें शिष्यवृत्त्या देणें तत्त्वतः न्याय्य दिसलें, तरी त्यामुळें इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाहीं, असा त्याचा आशय आहे. त्यांचें म्हणणें नीट लक्षांत घेतलें पाहिजे. परीक्षा पक्षपाती असते, असें ते म्हणत नाहींत. परीक्षा निःपक्षपाती असूनही विषमता वाढवूं शकते, असा त्यांचा मुद्दा आहे. कारण ती मुलाची बुद्धि मोजतांना त्याच्या घरचा दिवा, घरचीं पुस्तकें आणि घरची भाषा हींही नकळत मोजीत असते. महालांतील कारकुनाचा मुलगा आणि १८७७ मध्यें निघालेल्या एम्प्रेस मिलमधील मजुराचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेस बसले, तर कागद सारखा असला तरी परीक्षा सारखी नसते.

विसाव्या शतकांत या मापनास शास्त्राचा आधार मिळाला. फ्रान्समध्यें बिने यांनीं १९०५ मध्यें बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली; तिचा उद्देश मागें पडणाऱ्या मुलांस मदत मिळावी, हा होता. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनीं तिचें मराठी व कानडी मुलांसाठीं रूपांतर केलें, आणि १९४० मध्यें त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र मदतीसाठीं शोधलेलें साधन निवडीसाठीं वापरण्याचा मोह जगांत कोणासच आवरला नाहीं. इंग्लंडांत १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षींच मुलांच्या वाटा वेगळ्या होऊं लागल्या, आणि १९६५ मध्यें तेथील सरकारास ती व्यवस्था मोडण्याचें धोरण जाहीर करावें लागलें.

स्वतंत्र भारतानें दोन्ही दिशांनीं पावलें टाकलीं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें शेजारच्या सर्व मुलांनीं एकाच शाळेंत शिकावें, असें सुचविलें. इकडे पुण्यांत १९६२ मध्यें स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीनें बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचें कार्य हातीं घेतलें. १९८५-८६ मध्यें देशांतील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकीं एक आमच्या वऱ्हाडांत अमरावतीस निघालें. नवोदयची निवड परीक्षेनेंच होते, पण तींत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांस राखून ठेवलेल्या आहेत. फुल्यांच्या आक्षेपास दिलेलें हें अर्धें उत्तर होय. पुढें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशाच्या वेळीं मुलाची चाचणी घेण्यास बंदी केली. दारावरची निवड कायद्यानें गेली. आंतली तुकडी मात्र पुष्कळ ठिकाणीं राहिली.

हुशार मुलाच्या आईबापांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ज्यास अपूर्णांक येतात, त्यानें वर्षभर बेरजा कां कराव्या? आणि ज्यास अक्षर लागत नाहीं, त्यास पांचवीचें पुस्तक समोर धरून बसविणें ही तरी कोणती समता? पांचवींतील सुमारें निम्म्या मुलांस दुसरीचा उतारा वाचतां येत नाहीं, हें ‘असर’च्या पाहण्यांत वारंवार आढळलें आहे. मुंबई व बडोदें येथील पालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ नांवाचा प्रयोग झाला. वस्तींतीलच एक तरुणी मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांस रोज सुमारें दोन तास वेगळें घेऊन वाचन व अंकगणित शिकवी. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून असें दिसलें, कीं मुलांची प्रगति झाली, आणि ती मुख्यतः मागें पडलेल्यांचीच झाली. पश्चिम केनियांतील १२१ शाळांच्या अभ्यासांत तर पातळीप्रमाणें वर्ग पाडल्यानें वरच्या व खालच्या दोन्ही गटांस लाभ झाला, असें २०११ मध्यें प्रसिद्ध झालें. उलट फिनलंडनें १९८५ मध्यें गणित व भाषा या विषयांतील स्तरवार वर्ग बंद केले, आणि तेथील शिक्षणाची कीर्ति त्यानंतरही वाढत गेली.

हे दाखले परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाहींत. बालसखीचा गट एका विशिष्ट उणिवेसाठीं होता, दिवसाच्या एका भागापुरता होता, आणि त्यांत मागें पडलेल्या मुलांच्या वांट्यास अधिक लक्ष येत असे. आपली ‘ड’ तुकडी याच्या अगदीं उलट असते: ती सर्व विषयांची, सर्व दिवसाची आणि बहुधा पुढील सर्व वर्षांची असते, आणि अनुभवी शिक्षक ‘अ’ कडे जावा, नवखा ‘ड’ कडे, असाच शाळेचा कल असतो. पहिली विभागणी वैद्याच्या औषधासारखी आहे, दुसरी पत्रिकेसारखी. औषध बरें वाटल्यावर थांबतें. पत्रिका जन्मभर पुरते.

तेव्हां मुलांचे गट पाडावे कीं नाहीं, असा प्रश्न विचारण्यापेक्षां गट कोणासाठीं, किती काळ आणि कोणाच्या हातीं, असें विचारणें अधिक उपयोगाचें आहे. पंतोजीच्या ओसरीवर प्रत्येकास आपापला धडा होता, पण सर्वांस ओसरी नव्हती. इंग्रजी शाळेनें ओसरी सर्वांची केली, आणि धडा एकच ठेवला. या दोहोंतील चांगलें एकत्र आणण्याचें काम अद्याप उरलें आहे, आणि तें कायद्यापेक्षां प्रत्येक मुख्याध्यापकाच्या जून महिन्यांतील यादीवर अधिक अवलंबून आहे. सर्वांत कसलेला शिक्षक ज्या दिवशीं शेवटच्या बाकावरील मुलाकडे पाठविला जाईल, त्या दिवशीं वर्गाच्या दारावर कोणतें अक्षर लिहिलें आहे, यास फारसें महत्त्व राहणार नाहीं.