उरूस शब्दाची व्युत्पत्ति

परभणी येथें सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षीं फेब्रुवारी महिन्यांत भरतो व त्यास हिंदु आणि मुसलमान दोघेही जातात. संस्कृतज्ञास या शब्दाचा संबंध ‘उत्सवा’शीं जोडण्याचा मोह होतो. परंतु उत्सवाचीं प्राकृत रूपें ऊसव, उच्छव अशीं. त्यांत रेफ कोठून यावा?

शब्द अरबी आहे. मूळ रूप ‘उर्स’, अर्थ विवाह. साधुपुरुषाचा देहान्त म्हणजे जीवाचें ईश्वराशीं मीलन, या सूफी कल्पनेवरून निधनतिथीस विवाहाचें नांव पडलें.

मग मराठींत मधला ऊकार कसा आला? अरबींत ‘अरूस’ असा दुसरा शब्द आहे; त्याचा अर्थ वधू. कोन्या येथें जलालुद्दीन रूमी यांच्या निधनरात्रीस (१७ डिसेंबर १२७३) ‘शब-इ-अरूस’ म्हणतात. तेव्हां आपला उरूस या दुसऱ्या शब्दापासून आला, असा तर्क कोणी करील. तो टिकत नाहीं. हुक्म, जुल्म, मुल्क यांचे मराठींत हुकूम, जुलूम, मुलूख झाले. तसाच उर्सचा उरूस. अशा आगंतुक ऊकाराचा सामान्यरूपांत लोप होतो: हुकमानें, जुलमानें, मुलखांत, उरसांत. मूळचाच दीर्घ ऊ असल्यास तो ऱ्हस्व होऊन राहतो: मजकुरांत, दस्तुरास. छापील मजकुरांत ‘उरुसास’ असेंही दिसतें. तें प्रथमेच्या रूपावरून मागाहून बनविलेलें असावें, असें मला वाटतें.

अर्थाचा प्रवास याहून मनोरंजक आहे. अजमेर येथें ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती (मृत्यु १२३६) यांचा उरूस रजब महिन्यांत होतो. हिजरी वर्ष सौरवर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान, म्हणून तो सर्व ऋतूंतून फिरतो. परभणीचा मात्र फेब्रुवारींतच. येथें चांद्रतिथीचें बंधन सुटलें आणि लोकांच्या बोलण्यांत शब्दाचा अर्थ यात्रा, बाजार, पाळणे असा झाला. विवाह कोणाच्या ध्यानींही नसतो. संस्कृत ‘यात्रा’ म्हणजे गमन. तिची ‘जत्रा’ झाली, ती याच वाटेनें.

मोडींत उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत. तेव्हां मोडी कागदांवरून वरील वादाचा निर्णय होणार नाहीं. दर्ग्यांच्या खर्चासाठीं दिलेल्या इनामांच्या फारसी सनदा ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या पाहाव्या. ‘उर्स’ हा ऐन, रे, सीन अशा तीन अक्षरांचा. ‘अरूस’ मध्यें सीनपूर्वीं वाव येतो.